बाळंतपणातील नैराश्य: गर्भवतीच्या स्वभावाची चौकशी व्हावी काय?

धंतोलीकर: माझ्या धाकट्या बहिणीचे हिमोग्लोबिन, साखर, रक्तदाब सारे वेळोवेळी तपासले गेले, परंतु दाराची कडी लावली की नाही हे तीनतीनदा उठून पाहणारी ही मुलगी मनाने कशी आहे, हे एकदाही कोणी विचारले नाही. सातव्या महिन्यापासून ती रडत होती आणि आम्ही ते डोहाळ्यांवर ढकलले. सहज चिंतेत पडणाऱ्या स्वभावाला मानसशास्त्रात न्यूरॉटिसिझम म्हणतात, आणि त्याचा गर्भारपणातील व प्रसूतीनंतरच्या नैराश्याशी असलेला संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे. म्हणून स्वभावाची चौकशी पहिल्याच भेटीत व्हावी.

महालकर: मला हे मुळीच मान्य नाही. आपल्या घरांत स्वभावाचा उल्लेख झाला की विषय तिथेच मिटतो. माझे बाळंतपण मे महिन्यातले. कूलर बंद, कान बांधलेले, खाटेखाली शेगडी, आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सासूबाई सांगत, ‘ती आधीपासूनच हळवी आहे.’ मुलगी झाली म्हणून बारशापर्यंत न फिरकलेल्यांच्या स्वभावाबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढले नाही. गोव्यातील मातांचा २००२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास गरिबी आणि पतीपत्नींतील बिघडलेल्या संबंधांकडे बोट दाखवतो. त्यांची चौकशी आधी करा.

प्रतापनगरची परिचारिका: दोघींच्याही म्हणण्यात तथ्य आहे, तरी एक अडचण नजरेआड होते आहे. नैराश्यात असलेल्या बाईला तिचा स्वभाव विचारला, तर ती त्या काळ्या चष्म्यातूनच स्वतःकडे पाहते, त्यामुळे आजार कुठला आणि स्वभाव कुठला हे वेगळे काढणे कठीण जाते. बाळंतपणातील नैराश्य ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या १९८७ सालच्या एडिनबर्ग प्रश्नावलीचे दहा प्रश्न केवळ गेल्या सात दिवसांविषयी आहेत, आणि शेवटचा स्वतःला इजा करण्याच्या विचाराविषयी आहे. प्रसूतीनंतरचे पहिल्या काही दिवसांतले रडू बहुधा दोन आठवड्यांत ओसरते. त्यापुढेही टिकले, तर डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. पूर्वी कधी नैराश्य आले होते का, हे मात्र मी सर्वांत आधी विचारीन.

धंतोलीकर: हे पटले, मग हे प्रश्न सातव्या महिन्यातही विचारावेत. तरीही स्वभावाचा आग्रह मी सोडत नाही, कारण बहिणीची ती कडी आम्हाला लग्नाआधीपासून दिसत होती, आजार येण्याच्या कितीतरी आधी. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आता तिच्या फाइलवर मी लिहून ठेवला आहे.

महालकर: विचारायचेच असेल, तर सासू आणि नवरा दोघांनाही बाहेर बसवून विचारा. माझ्या वेळी प्रत्येक प्रश्नाचे उत्तर सासूबाईंनीच दिले होते.