राजकारण डळमळीत असताना खाणशोध कंपन्यांचे शेअर घ्यावेत का?

खानापूरकर:
डिसेंबर 2024 मध्ये आपल्या बेळगावच्या सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाच्या अधिवेशनात खनिज हक्कांवर कर लावायचं विधेयक मंजूर झालं. आपलं सगळं लक्ष नेहमीप्रमाणे एकीकरण समितीच्या महामेळाव्याला परवानगी मिळते का याच्याकडे होतं, त्यामुळे फार कुणी बघितलं नाही. पाया त्याच वर्षी 25 जुलैला घातला गेला होता. खनिज हक्कांवर कर लावायचा अधिकार राज्यांना आहे, असं सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी 8 विरुद्ध 1 मतांनी सांगितलं. ऑगस्टमध्ये तर 1 एप्रिल 2005 पासूनची थकबाकीसुद्धा वसूल करायला मोकळीक दिली.

माझं मत: असल्या काळात शोध कंपन्यांच्या, म्हणजे जमिनीत खनिज आहे का ते नुसतं शोधणाऱ्यांच्या, वाटेला जाऊ नये. या कंपनीकडे विकायला माल नसतो. नकाशे, बोअरचे अहवाल आणि सरकारदरबारी पडलेला अर्ज, एवढीच काय ती इस्टेट. मी एका कंपनीत अडकलोय. सोनं खरंच लागलं, अर्ज मात्र बेंगळुरू ते दिल्ली फिरत राहिला. 2015 ला केंद्राचा खाणकायदा बदलून खाणींचे लिलाव आले, 2021 ला पुन्हा बदलला आणि रखडलेले जुने अर्ज बाद झाले.

टिळकवाडीचा_बैल:
काका, भीती वाटते तेव्हाच माल स्वस्त मिळतो की ओ! एनएमडीसी या सरकारी कंपनीची बळ्ळारीकडची दोणिमलै लोहखाण आठवा. लीज वाढवायला राज्याने 80 टक्के प्रीमियम, म्हणजे मालाच्या किमतीतला हिस्सा, मागितला, नोव्हेंबर 2018 ला खाण बंद पडली. फेब्रुवारी 2021 ला परत सुरू. मधल्या काळात घाबरून विकलेले माझ्या ओळखीतले दोघं अजून हळहळतात. खनिज काय रात्रीत उठून आंध्रात जाणार आहे काय?

उद्यमबागवाला:
बैलोबा, खनिज जात नाही, पैसा जातो. दोणिमलै बंद होतं तेव्हा छत्तीसगडातलं बैलाडिला एनएमडीसीला कमावून देत होतं. शोध कंपनीला असं दुसरं दुभतं जनावर नसतं. पगार, ड्रिलिंगची बिलं, वकिलाची फी भागवायला दरवेळी नवीन शेअर काढायचे. खाण सुरू होईपर्यंत तुमचा वाटा ताकात पाणी घालावं तसा पातळ झालेला असतो.

आमची फाउंड्री आहे. जुलै 2011 ला कोर्टाने बळ्ळारीतल्या खाणी बंद केल्या, तेव्हा पिग आयर्नसाठी, म्हणजे आमच्या कच्च्या लोखंडासाठी, कुणाकुणाला फोन करावे लागले ते मलाच माहीत. पण भट्टी आमची होती. चार महिने कमी ओतलं, तरलो. ज्याची भट्टीच कागदावर आहे त्याने काय करायचं?

निपाणीची_ताई:
दोघंही ‘राजकीय अनिश्चितता’ म्हणजे सरकार पडणं, कायदा बदलणं एवढंच धरून चाललायत. जून 2024 बघा. केंद्रात पोलादमंत्री झाल्या झाल्या कुमारस्वामींनी केआयओसीएल या केंद्राच्या कंपनीच्या, बळ्ळारी जिल्ह्यातल्या देवदारी लोहखाणीच्या फाईलवर सही केली. काही दिवसांत राज्याचे वनमंत्री खंड्रे यांनी जंगलाची जमीन द्यायला आडकाठी घातली. दिल्लीचं सरकार पक्कं, बेंगळुरूचंही पक्कं. लोंबकळली खाण. दोन सरकारांच्या मधे सापडणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, आणि हिंदाल्कोच्या बेळगावच्या कारखान्याला बॉक्साइट, म्हणजे ॲल्युमिनियमचा कच्चा दगड, कोल्हापूर जिल्ह्यातून येतं. 6 डिसेंबर 2022 ला हिरेबागेवाडीला महाराष्ट्र पासिंगच्या ट्रकांवर दगड पडले, तेव्हा मला पहिल्यांदा ते बॉक्साइटचे ट्रकच आठवले.

आणि बैलोबा, चालू खाणीचीही खात्री धरू नका. पनामातली कोब्रे पनामा जगातलं साधारण एक टक्का तांबं काढत होती. आधी लोक रस्त्यावर उतरले, मग नोव्हेंबर 2023 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने करारच घटनाबाह्य ठरवला. खाणीच्या मालक कंपनीचा, फर्स्ट क्वांटमचा, शेअर काही आठवड्यांत निम्म्याच्याही खाली आला.

टिळकवाडीचा_बैल:
पनामा कुठे, आपलं बळ्ळारीतलं सांडूर कुठे! खाणकायद्यातली 2023 ची दुरुस्ती कुणीच काढली नाही. आता 29 खनिजांसाठी वेगळा शोध परवाना आहे. शोधणाऱ्याने फक्त शोधायचं, खाण लिलावात दुसऱ्याने घ्यायची आणि लिलावाच्या प्रीमियममधला वाटा शोधणाऱ्याला. स्वतःच्या लीजसाठी उंबरे झिजवायची कटकटच गेली.

उद्यमबागवाला:
वाटा कधी? लिलाव झाला, मंजुऱ्या मिळाल्या, माल निघायला लागला की. मधल्या वर्षांत ड्रिलवाल्याचं बिल कोण देणार, तू?

खानापूरकर:
ताईंचा मुद्दा पटला, दोन सरकारांचा. मी एकट्या बेंगळुरूला दोष देत होतो.

एक बघितलेलं सांगतो. त्या कंपनीची साइट बघायला मुद्दाम गेलो होतो. पत्र्याची शेड, आत कोअरच्या, म्हणजे बोअरमधून काढलेल्या दगडाच्या, पेट्या छातीएवढ्या रचलेल्या. प्रत्येक खणात गोल कांड्या आणि मधे मीटरचा आकडा लिहिलेली लाकडी चिप. वॉचमन एकच, तोच शेडच्या मागे मिरच्या लावतो. त्याने एक कांडी पाण्याने पुसून दाखवली, बारीक पिवळं चमकलं. मी खूश. तर तो म्हणतो, ‘हे पायराइट हो साहेब, सोन्यासारखं नुसतं चमकतं. सोनं डोळ्याला दिसत नाही, ते रिपोर्टात असतं.’

परत येताना धारवाडात जेवायला थांबलो, तेव्हाही विकायचं मनात आलं होतं. विकले नाहीत.

टिळकवाडीचा_बैल:
काका, आता भाव काय चाललाय तिचा? नाव तरी सांगा.

खानापूरकर:
नाही सांगत. तू घेशील.