पुढच्या पिढीच्या गेमिंग कन्सोलने ८के टीव्हीला साथ द्यावी का?

धरमपेठकर: नमस्कार. घरातला टीव्ही बदलायचा आहे. सीताबर्डीतील विक्रेता ८के संच घेण्याचा आग्रह करतो आहे, कारण येणारे कन्सोल त्याच दर्जाचे असतील असे त्याचे म्हणणे आहे. जाणकारांनी कृपया सल्ला द्यावा.

बेसा_रहिवासी: माझ्या मते ८केचा हट्ट नकोच. ४के चित्रात सुमारे ८३ लाख पिक्सेल (चित्राचे सूक्ष्म ठिपके) असतात, तर ८केमध्ये ३ कोटी ३२ लाख, म्हणजे चौपट; आणि सेकंदाला ६० फ्रेम (एकामागून एक दिसणारी चित्रे) हव्या असतील तर प्रत्येक फ्रेमसाठी जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. कन्सोलची ताकद त्याऐवजी प्रकाश, सावल्या आणि स्थिर फ्रेमदर यांवर खर्च झाली, तर खेळ खरोखर देखणा होईल. सोनीच्या प्लेस्टेशन ५ या कन्सोलच्या खोक्यावर २०२०मध्ये ८केचा उल्लेख होता, पुढे तो काढण्यात आला. शिवाय नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा बंद कपाटात ठेवलेल्या कन्सोलला अधिकचा भार सोसवणारा नाही.

मनीषनगर_वाचक: सहमत आहे, पण ८केची सोय असण्यास हरकत नसावी. कमी रिझोल्यूशनचे (कमी पिक्सेलचे) चित्र मोठे करण्याचे तंत्र वेगाने सुधारते आहे.

बेसा_रहिवासी: मान्य, तरीही बसण्याचे अंतर मोजून पाहा. ५५ इंची ४के पडद्याचे पिक्सेल सामान्य दृष्टीला साधारण साडेतीन-चार फुटांपलीकडून वेगळे ओळखता येत नाहीत, आणि दिवाणखान्यात आपण त्याच्या दुप्पट लांब बसतो. धरमपेठकर, आपण १२० हर्ट्झचा (सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारा), एचडीएमआय २.१ जोडणी असलेला चांगला ४के संच घ्यावा.