रान पिंगळ्याची नोंद अडवली, म्हणून गणनेवरच बहिष्कार?

तापीकाठ (धागाकर्ता)

परवा इथंच एका गुरुजींनी लिहिलं होतं: “फेब्रुवारीच्या गणनेत माझ्या शाळेच्या ३४ मुलांनी चार दिवस पहाटे उठून पक्षी मोजले. त्यांना तीन रान पिंगळे दिसले. ती नोंद ‘फोटो द्या’ म्हणून अडवली. म्हणजे आमची पोरं खोटारडी. पुढच्या वर्षी आम्ही नाही.” खाली लोकांनी धडाधड अंगठे दिले. रान पिंगळा म्हणजे एक दुर्मीळ, छोटं घुबड. ती नोंद अडवणारा माणूस मी आहे. तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

सहा वर्षं मी आमच्या भागातल्या नोंदी तपासतोय. पगार नाही, मानधन नाही. दिवसभर नोकरी, रात्री जेवणं उरकली की संगणकासमोर. पक्ष्यांच्या नोंदी ज्या ॲपवर भरतात त्यात जागेनुसार आणि महिन्यानुसार चाळणी लावलेली असते. तिच्यात न बसणारा पक्षी किंवा आकडा आला की नोंद आपोआप बाजूला पडते, मग ती शाळेतल्या पोराची असो की चाळीस वर्षं पक्षी बघणाऱ्याची. बाजूला पडलेली नोंद पुसली जात नाही. तुमच्या यादीत ती तशीच राहते, फक्त नकाशावर आणि अभ्यासात धरली जात नाही.

आता पिंगळ्याचं. साधा पिंगळा गावात, आमराईत, वडाच्या ढोलीत राहतो. रान पिंगळा विरळ सागाच्या जंगलातला. त्याच्या डोक्यावर आणि पाठीवर ठिपके जवळजवळ नसतात, पोट पांढरं, पंखांवर आणि शेपटीवर ठसठशीत पट्टे. गुरुजींनी जागा लिहिली होती ‘शाळेमागची आमराई’, आणि संख्या तीन. मी विचारलं नसतं तर माझं काम काय होतं?

या एका पक्ष्याबाबत मी जास्त हट्टी आहे. १८८४ नंतर तो कुणाला सापडला नव्हता. मधे कर्नल माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश पक्षीसंग्राहकाने १९१४ साली तापीवरच्या मांडवीला मिळाला म्हणून जतन केलेल्या पक्ष्याचा एक नमुना पुढं केला. तो निघाला ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला: डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने आपल्या खानदेशात गोळा केलेला जुना पक्षी, नव्याने भरलेला, चिठ्ठी बदललेली. ही चोरी अमेरिकी पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी उघडकीला आणली. त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी मांडवी बाजूला ठेवली, खऱ्या नमुन्यांच्या जागा धरून शोध घेतला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये आपल्या शहाद्याजवळ पक्षी हजर. त्याआधी लोक त्या खोट्या चिठ्ठीवर विसंबून हिंडत राहिले. खानदेशात राहून हे मी विसरू?

खडूफळा

तो गुरुजी मी. तुम्ही इतकं लिहिलंत, पण मला काय पाठवलं होतं ते लिहिलं नाहीत. इंग्रजीत दोन ओळी. ‘फोटो किंवा तपशील द्या, अन्यथा नोंद ग्राह्य नाही.’ नमस्कार नाही, शाब्बास नाही. पोरं रोज विचारत होती, “सर, आपल्या पिंगळ्याचं काय झालं?” सहावीतल्या पोरांना ‘ग्राह्य नाही’ कसं समजावायचं ते सांगा.

शाळेत दोन दुर्बिणी आहेत, त्यातल्या एकीचं एक भिंग धूसर. कॅमेरा नाही. माझ्या मोबाईलमध्ये घुबड म्हणजे फांदीवरचा गोळा. फोटो कुठून आणू?

आणि त्या कर्नलचा दाखला तुमच्याच अंगावर येतो. तो काय शाळकरी पोरगा होता? मोठा साहेब, मोठं नाव, म्हणून त्याचा शब्द कुणी तपासला नाही. खोटं चाललं ते मोठ्या नावामुळे. आणि पडताळणीचा बडगा कुणावर? आदिवासी पाड्यातल्या शाळेवर!

जुनी दुर्बीण

गुरुजींच्या बाजूने बोलतो. आम्ही १९८२-८३ पासून पक्षी बघतोय. वहीत तारीख, वेळ, वारा, झाड, पक्ष्याचं वागणं लिहायचो. कॅमेरा कुणाकडे होता? मग आमच्या वह्या रद्दी का? हल्ली पक्षी पाच सेकंद बघायचा आणि फोटो शंभर काढायचे. ओळख घरी जाऊन, दुसऱ्याला विचारून. वर ते आवाज ओळखणारं ॲप. मोबाईल उंच धरून उभे राहतात, पडद्यावर नाव उमटलं की लागलीच यादीत. कोतवाल दहा पक्ष्यांच्या नकला करतो, हे त्या मोबाईलला कोण सांगणार? आधी तसल्या याद्या अडवा, मग पोरांकडे वळा.

तापीकाठ

काका, तसल्या याद्याही अडवतो आणि त्यांच्याही शिव्या खातो. आणि मी फोटोच मागितला असं नाही, ‘किंवा तपशील’ असं लिहिलं होतं. तुमच्या वहीसारखं टिपण असेल तर मला फोटो नको. गुरुजींच्या नोंदीत टिपणाची जागा कोरी होती. तिन्ही पक्ष्यांपुढे एक शब्द नाही.

आणखी एक. त्याच यादीत कावळा नाही, साळुंकी नाही, चिमणी नाही. आणि ‘ओळखता आलेले सगळे पक्षी नोंदवले का’ याला उत्तर ‘हो’. गुरुजी, शाळेमागच्या आमराईत कावळा नव्हता?

वर्धाकाठची

याच मुद्द्यावर मला बोलायचंय, कारण रान पिंगळ्याच्या भांडणात तो वाहून चाललाय. २०२० च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालात चिमणी देशभरात एकंदर टिकून असल्याचं दिसलं, घट मोठ्या शहरांत. तोवर जो तो ‘चिमण्या संपल्या’ म्हणत होता. हे कशावरून कळलं? कंटाळा न करता कावळे-चिमण्या लिहिणाऱ्यांच्या याद्यांवरून. शंभर पूर्ण याद्यांपैकी किती याद्यांत चिमणी आहे, असं ते गणित. तुम्ही ‘सगळे नोंदवले’ म्हणता आणि चिमणी गाळता, तेव्हा त्या गणितात तिथं चिमणी नव्हतीच असं धरलं जातं. २०२३ च्या अहवालामागे सुमारे ३०,००० निरीक्षकांच्या ३ कोटींहून जास्त नोंदी आहेत. त्यातल्या बहुतेक अशाच साध्या पक्ष्यांच्या.

नीळकंठाचंच घ्या. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तो नीळकंठ झपाट्याने कमी होतोय, हेही याच याद्यांनी दाखवलं. आमच्याकडे वर्धा-आर्वी रस्त्यावर तारांवर बसलेले नीळकंठ मी लहानपणी बोटांवर मोजायची आणि बोटं कमी पडायची. या हिवाळ्यात त्या रस्त्यावर दोन दिसले. दुर्मीळ पक्ष्यामागे धावणाऱ्यांना हे दुःख कळत नाही.

काळी माती

मोर वाढलेत असंही त्याच अहवालात आहे ना? मग ते कुणी पुढं का नेत नाही? आमच्या शिवारात भुईमूग पेरला की दुसऱ्या दिवशी पहाटे मोरांची रांग. टोकलेलं बी ओळीनं उकरून खातात. हाकलायचं तर राष्ट्रीय पक्षी, हात लावायची सोय नाही. गणना करणारे येतात, आमच्याच बांधावर उभे राहून ‘किती सुंदर’ म्हणतात, आकडा लिहितात आणि जातात. त्या आकड्याचा आम्हाला उपयोग काय?

तापीकाठ

दादा, तुमचा प्रश्न खरा आहे, पण इथं विषय वेगळा चाललाय. आकडा असल्याशिवाय तुमची तक्रार पुढं जाणार नाही. तुम्ही स्वतः महिन्यातून चार याद्या करा.

काळी माती

पेरणी सोडून याद्या करतो. बरं.

उजनीकाठ

आमच्या बांधावर येऊन मोजतात आणि जातात, हे दादा बोलले ते आमच्या पाण्यावरही खरं आहे. मी भिगवणच्या बाजूचा. धरण झालं, भीमेचं पाणी फुगलं आणि जमिनी पाण्याखाली गेल्या. वडील मासेमारीला लागले. आता हिवाळ्यात पाहुण्यांना बोटीतून पक्षी दाखवतो. वडील पट्टकादंब हंसांचा थवा अंधारात नुसत्या आवाजावर सांगतात. कुठल्या आठवड्यात रोहित (फ्लेमिंगो) येणार तेही पाणी बघून सांगतात. पाहुणे विचारतात, “भाऊ, तो कोणता?” आम्ही सांगतो. संध्याकाळी यादी पाहुण्याच्या नावावर, फोटो पाहुण्याच्या नावावर. वडिलांचं नाव एकाही यादीत नाही. तुम्ही पुरावा मागता, आणि इथं जो खरा ओळखणारा त्याला कुणी मोजतच नाही.

आणि नावांचं बोलतो. आमच्याकडं शेंबडं पोरगंही ज्याला चमच्या म्हणतं, त्याच्या चित्राखाली फलकावर ‘दर्विमुख’. वडिलांना वाचून दाखवलं तर म्हणाले, हा कुठला नवा पक्षी आलाय?

लांबपल्ला

सहानुभूती ठीक आहे, पण दुसरी बाजूही ऐका. मी गेली आठ वर्षं तिथं जातोय. रोहित पाण्यात शांत चरत असतात आणि बोट सरळ थव्यात घालतात. थवा उडाला की पाहुणे खूश. लांबून उडून आलेल्या पक्ष्याला दिवसातून वीसदा उडवायचं, हे कोण करतं? बोटवालेच ना? आधी ते थांबवा, मग यादीत नाव मागा.

उजनीकाठ

उडवा म्हणणारं गिऱ्हाईक कोण असतं ते पण सांगा की. “भाऊ, जरा जवळ घे, उडतानाचा पाहिजे.” नाही म्हटलं तर पुढच्या वेळी दुसरी बोट. मागच्या जानेवारीत एका साहेबानं उडवायला नकार दिला म्हणून ठरलेल्या पैशातले दोनशे कापले. वडील काही बोलले नाहीत. मी बोललो, तर मलाच दम. तुम्ही आठ वर्षं येताय, त्यात किती वेळा ‘लांबूनच ठेव’ म्हणालात?

लांबपल्ला

मी कधीच उडवायला सांगितलेलं नाही. पण शेजारच्या बोटीने थवा उडवला तेव्हा मीही फोटो काढलेत. हे मान्य करतो. पैसे कापणारे लोक आमच्यातलेच, तेही मान्य.

वर्धाकाठची

नावाचा मुद्दा मला पटला. यादीत टिपणाची जागा असते. ‘पक्षी बोटचालकाने आवाजावरून ओळखला’ असं लिहून त्यांचं नाव घालायला अर्धं मिनिट लागतं. मी स्वतः इतकी वर्षं लिहिलं नाही, हे कबूल. पण भाऊ, वडिलांच्या नावानं तुम्हीच खातं उघडा आणि ते सांगतील तशी यादी भरा. पाहुण्याची वाट कशाला बघता?

उजनीकाठ

बघतो. चमच्याला चमच्याच लिहिणार पण.

जुनी दुर्बीण

लिहाच. गावातली नावं लिहून घेतली नाहीत तर म्हाताऱ्यांबरोबर जातील. माझी आजी टिटवीच्या ओरडण्यावरून ‘माणूस येतोय की जनावर’ ते सांगायची. ते कुठल्या यादीत भरणार, हा प्रश्न मला चाळीस वर्षं पडलाय.

खडूफळा

मूळ प्रश्न सोडून सगळं झालं. तापीकाठ, तुम्ही कावळ्याचं विचारलंत. आज वर्गात विचारलं. पोरं म्हणाली, “सर, कावळे काय लिहायचे, ते तर रोजच असतात.” म्हणजे चूक माझी, मी सांगितलं नव्हतं. यादी दुरुस्त करून ‘सगळे नोंदवले नाहीत’ असं केलंय. हे एवढं मान्य. पण पिंगळ्याचं मान्य नाही.

वह्या आज परत बघितल्या. एका मुलीनं पेन्सिलीनं चित्र काढलंय. पोटावर काही नाही, नुसतं कोरं. शेपटीवर आडव्या रेघा, चार की पाच, खोडून परत काढलेल्या. खाली लिहिलंय: “पिंगळा सकाळी ९ वाजता उन्हात बसला होता. शेपटी इकडे तिकडे हालवत होता, गाय हालवते तशी. एकच होता.” मी तिला विचारलं, मग तीन कसे? तर तीन गटांनी एकच पक्षी तीनदा सांगितला आणि मी तीन लिहिले. आणि जागा आमराई नाही. आमराईतून नाला ओलांडून वर सागाच्या टेकाडावर पोरं गेली होती. मी खाली बाकीच्यांबरोबर होतो, मला तेव्हा कळलं नाही.

तापीकाठ

गुरुजी, हे तुम्ही त्या दिवशी का लिहिलं नाहीत?

खडूफळा

तुम्ही विचारलंत का? फोटो मागितलात.

तापीकाठ

विचारलं नाही. ती दोन ओळींची इंग्रजी इबारत तयार होती, तीच सगळ्यांना चिकटवत गेलो. चार दिवसांत नोंदींचा ढीग पडतो, हे खरं असलं तरी शाळेला ती पाठवायला नको होती. मराठीत लिहून फोन नंबर द्यायला हवा होता.

शेपटी बाजूंना हलवणं ही रान पिंगळ्याची सवय आहे. सकाळी उशिरापर्यंत उन्हात उघड्यावर बसणं हीसुद्धा. आणि टेकाड सागाचं असेल तर माझा अर्धा आक्षेप गेला. तरीही आज नोंद मान्य करणार नाही, सरळ सांगतो. एका चित्रावर नकाशात नवी जागा घालायची माझी तयारी नाही. संख्या तीनवरून एक करा, जागा टेकाडाची टाका, आणि मुलीच्या वहीचं ते पान जसंच्या तसं टिपून यादीला जोडा. खोडलेल्या रेघांसकट.

शनिवारी सकाळी सहाला मी शाळेवर येतो. दुर्बीण आणतो, एक जास्तीची पण आणतो.

लांबपल्ला

मी कॅमेरा घेऊन येऊ का? फोटो मिळाला तर प्रश्नच मिटेल.

तापीकाठ

नको. पक्षी तिथं असेल आणि जोडी असेल तर ढोलीपुढे लेन्सांची रांग लागायला आठवडा पुरतो. गावाचं नाव इथं कुणी लिहू नका, ही सगळ्यांना विनंती. गुरुजी, तुम्हीही नाही.

खडूफळा

नाही लिहिणार. सहाला नको, साडेपाचला या. नाल्याला पाणी आहे, चढायला वेळ लागतो. ती मुलगी वाट दाखवेल. फोटो नाही मिळाला तर तुम्ही तिला तोंडावर काय सांगणार, तेवढं ठरवून या.