नळीत एरोसोल मिसळताना प्रवाहाचे कोणते मॉडेल घ्यावे?

प्रश्न
नमस्कार. नागपुरातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी एम.टेक. करत आहे. धूलिकण मोजणारी उपकरणे पडताळण्यासाठी २५ मिमी व्यासाची, १ मीटर लांबीची आडवी काचेची नळी उभारली आहे. तिच्या मधोमध ६ मिमीच्या नळीतून मिनिटाला १ लिटर एरोसोल (सूक्ष्म कण तरंगत असलेली हवा) येतो आणि भोवतीने ९ लिटर स्वच्छ हवा वाहते. संगणकावरच्या गणितात के-एप्सिलॉन हे टर्ब्युलंट (खळबळत्या) प्रवाहाचे मॉडेल वापरले, तर अर्ध्या नळीतच सर्व एकजीव झालेले दिसते. प्रत्यक्षात उदबत्तीचा धूर सोडून लेझरच्या उजेडात पाहिले, तेव्हा धुराची दोरी शेवटच्या टोकापर्यंत न तुटता गेली. चूक कुठे होत असावी?

उत्तर १
मॉडेल निवडण्याआधी, प्रवाह शांत की खळबळता हे सांगणारी रेनॉल्ड्स संख्या काढायला हवी होती. आपल्या नळीत सरासरी वेग सेकंदाला ०.३४ मीटर आहे. मे महिन्यातली ४५ अंशांची हवा धरली, तर ही संख्या ५०० च्याही किंचित खाली येते, आणि नळीतला प्रवाह साधारण २३०० पर्यंत लॅमिनार (थराथरांनी शांत वाहणारा) राहतो. १८८३ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी काचेच्या नळीतल्या पाण्यात रंगाची जी अखंड रेघ पाहिली, तीच आपल्याला धुरात दिसली. के-एप्सिलॉन मॉडेल प्रवाह पूर्णपणे टर्ब्युलंट आहे असे धरूनच चालते, त्यामुळे नसलेले मिश्रण ते पदरचे घालते. आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवावा आणि लॅमिनार गणित करावे.

उत्तर २
वरील मताशी सहमत आहे, पण तेवढ्याने भागणार नाही. १ मायक्रॉनचा कण नळीतल्या ३ सेकंदांत स्वतःच्या विसरणाने जेमतेम ०.०१ मिमी सरकतो, म्हणजे मेशच्या (गणितासाठी आखलेल्या जाळीच्या) एका घराइतकाही नाही. अशा वेळी पहिल्या कोटीची अपविंड पद्धत (प्रवाहाच्या वरच्या बाजूच्या घरातलेच मूल्य पुढे धरणारी ढोबळ पद्धत) ठेवली, तर लॅमिनार गणितातही दोरी खोटीच पसरते. दुसऱ्या कोटीची, म्हणजे अधिक अचूक पद्धत घ्यावी आणि मेश दुप्पट बारीक करून उत्तर बदलते का ते पाहावे. कण १० मायक्रॉनचे असतील, तर तेवढ्याच वेळात ते सुमारे ९ मिमी खाली बसतात. तेव्हा गुरुत्वाकर्षण विसरू नये.

उत्तर ३
मिश्रण खरोखरच हवे असेल, तर नळीच बदलावी लागेल. सुरुवातीला ५ मिमी छिद्राची चकती बसवली, तर छिद्रातून वेग सेकंदाला साडेआठ मीटरच्या आसपास जातो आणि रेनॉल्ड्स संख्या २४०० च्या घरात पोहोचते. चकतीपुढे झोत फुटेल, पण पुढे प्रवाह पुन्हा शांत होईल. असा मिश्र प्रवाह के-एप्सिलॉनला पेलत नाही. पहिल्या अंदाजासाठी के-ओमेगा एसएसटी हे दुसरे टर्ब्युलंट मॉडेल चालेल, अंतिम उत्तरासाठी मात्र मी एलईएस (मोठे भोवरे थेट गणणारी लार्ज एडी सिम्युलेशन पद्धत) हीच घेईन.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. दुसऱ्या कोटीच्या पद्धतीने लॅमिनार गणित केले आणि दोरी टोकापर्यंत तशीच आली. तिची रुंदीही काचेवर मोजलेल्या रुंदीशी जुळली. चकती कातायला दिली आहे. ती बसवली की आधी धूर सोडून पाहीन आणि मगच एलईएसची मेश आखायला घेईन.