1993 मधल्या गोष्टीची तक्रार आज करता येते का?

मनीषनगरची:
नमस्कार. मी 41 वर्षांची, नागपूरचीच. चौथीत असताना इथल्या महाल भागात एका मास्तरांकडे शिकवणीला जायची. माडीवरची खोली होती. बाकीची मुलं सुटली की "तुझं शुद्धलेखन राहिलं" म्हणून मला थांबवून घ्यायचे. काय केलं ते इथं लिहीत नाही. पहिली वेळ कोणत्या दिवशीची ते मात्र पक्कं आठवते, कारण खालून मारबत, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची मिरवणूक, चालली होती. ढोल, गुलाल, "घेऊन जा गे मारबत" अशी आरोळी, आणि त्यांनी खिडकीची निळी दारं आतून ओढून घेतली. कडी तुटकी होती, तिला सुतळी गुंडाळली. ती सुतळी मला आजही दिसते. मारबतीच्याच दिवशी मुलांचा तान्हा पोळा असतो. त्याला मी मुलीचा लाकडी बैल सजवून देते, पण बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायला तिला आजीसोबत पाठवते. मी त्या दिवशी बाहेर पडत नाही.

दहावीत आईला सांगितलं होतं. "कोणाजवळ बोलू नको, तुझं लग्न व्हायचं आहे," म्हणाली. तिच्यावर राग नाही.

आता विचारून राहिली, कारण जूनमध्ये एका मैत्रिणीनं फोटो पाठवला. वस्तीत मास्तरांचा सत्कार झाला, शाल-श्रीफळ देऊन. सत्तरीच्या पुढचे आहेत. फोटोत त्यांच्या मागे सतरंजीवर दहा-बारा मुलं बसलेली. म्हणजे शिकवणी अजून चालू आहे.

2021 च्या जानेवारीत उच्च न्यायालयाच्या आपल्याच नागपूर खंडपीठाचा तो निकाल आला, की कपड्यांवरून केलेला स्पर्श लैंगिक अत्याचार धरता येत नाही, तेव्हा पेपर घडी करून कपाटात ठेवला होता. नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला, तोही पेपर ठेवला. तेव्हापासून कायद्याचं वाचते आहे, पण माझ्यासारखीसाठी मुदत उरली आहे का, ते कोणी सरळ सांगत नाही. मला पैसे नकोत. ती मुलं त्या सतरंजीवरून उठली पाहिजेत.

सिव्हिल लाइन्सचा वकील:
ताई, सरळच सांगतो. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा, 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू झाला, आणि संविधानाच्या कलम 20 मुळे तो मागच्या घटनांना लावता येत नाही. तुमच्या बाबतीत 1993 चा भारतीय दंड विधान लागेल. घडलेलं कलम 376 मध्ये, म्हणजे बलात्कारात, किंवा 377 मध्ये, म्हणजे अनैसर्गिक संभोगात, बसत असेल तर मुदतीचा प्रश्नच नाही, 32 वर्षांनीही गुन्हा नोंदवावा लागतो. 354 मध्ये, म्हणजे विनयभंगात बसत असेल तर अडचण आहे. तेव्हा त्याची शिक्षा जास्तीत जास्त 2 वर्षं होती, आणि 3 वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांची दखल घ्यायला कोर्टाला 3 वर्षांची मुदत आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 468, आता नागरिक सुरक्षा संहितेत 514. 2013 मध्ये 354 ची शिक्षा 5 वर्षांपर्यंत वाढली, म्हणून तेव्हापासूनच्या घटनांना ही अडचण नाही.

आणि पीडित लहान आहे म्हणून ही फौजदारी मुदत थांबत नाही. दिवाणी भरपाईच्या दाव्यात अज्ञानपणाची, म्हणजे वय 18 च्या आत असल्याची, सवलत मिळते, तीही फार तर वयाच्या 21 पर्यंत.

मनीषनगरची:
म्हणजे मी बारा वर्षांची होते तेव्हा माझी मुदत संपली? सातवीत?

सातवीत मी गांधीसागरच्या काठानं सायकल शिकत होते, पाय पुरत नव्हते म्हणून दांड्याखालून. त्या पोरीनं कोर्टात जायचं होतं? जे झालं त्याला काय म्हणतात, तो शब्दही मला माहीत नव्हता. भाऊ, तुमच्यावर चिडत नाही आहे. पण मुदत घालणाऱ्यानं ती कुठून मोजायची ते ठरवताना मूल डोळ्यांसमोर ठेवलं नाही, एवढं मला लिहायचंच आहे.

सिव्हिल लाइन्सचा वकील:
बरोबर बोललात. विलंब माफ करायचा अधिकार कोर्टाला आहे, कलम 473, आता 519. मिळेलच असं वचन देत नाही. पण कोणतं कलम लागतं हे तुम्ही घरी बसून ठरवू नका. मनानंच "आपलं 354 असेल" म्हणून परत फिरलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. जे झालं ते जसंच्या तसं महिला अधिकाऱ्याला सांगा, कलम लावणं त्यांचं काम. "इतका उशीर का" याला घाबरू नका. लैंगिक गुन्ह्यात तक्रारीला उशीर होणं समजण्यासारखं आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 1996 मध्ये गुरमीत सिंग प्रकरणात म्हटलं आहे.

आता सतरंजीवरच्या मुलांचं. पॉक्सोचं कलम 19 वाचा. गुन्हा घडल्याची माहिती तर सोडाच, घडण्याची आशंका असली तरी पोलिसांना कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे. तुम्हाला आशंका आहे आणि तिला कारणही आहे. या अर्जाला तुमच्या 1993 ची मुदत आड येत नाही. दोन्ही गोष्टी एकाच अर्जात लिहा. तारीख आठवत नाही म्हणून अडू नका. मारबत बैलपोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघते, त्या वर्षीच्या पंचांगात तो दिवस सापडतो. एक विनंती, मास्तरांचं नाव वस्तीच्या ग्रुपवर टाकू नका. बदनामीचा खटला लावतात, आणि मुलांचा विषय बाजूला पडतो.

हिंगण्याचा:
ताई, मी पुरुष आहे. वसतिगृहात 2004 मध्ये माझ्यासोबत झालं. तेव्हा मुलांसाठी 377 सोडून कायद्यात काही नव्हतंच. गेल्या वर्षी ठाण्यात गेलो, तर साहेब म्हणाले, "वीस वर्षं काय करून राहिला होता?" बाहेर येऊन पानठेल्याजवळ अर्धा तास उभा होतो. दुसऱ्या दिवशी तोंडी न बोलता अर्ज दिला, दोन प्रतींत, एका प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का मारून घेतला. मग त्यांना उत्तर द्यावं लागलं. शिक्क्याशिवाय उठू नका. आणि एकट्या जाऊ नका, मी एकटा गेलो होतो.

मनीषनगरची:
काल त्या मैत्रिणीला फोन केला, शिकवणीत माझ्या शेजारी बसायची ती. दोन मिनिटं काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "तुलाही शुद्धलेखनासाठी थांबवायचे?"

ती सोबत येते आहे, सोमवारी. आईनं माळ्यावरची पेटी काढून दिली. त्यात शिकवणीचं फी-कार्ड सापडलं, 1993-94, पंधरा रुपये महिना, प्रत्येक महिन्यासमोर मास्तरांची सही. आई म्हणाली, मीही येते ठाण्यात.

भाऊ, कार्ड मूळ द्यायचं की झेरॉक्स?

सिव्हिल लाइन्सचा वकील:
अर्जासोबत झेरॉक्स लावा, मूळ दाखवायला सोबत ठेवा. तपासात मूळ मागितलं तर जप्तीचा पंचनामा करून त्याची प्रत घेतल्याशिवाय देऊ नका. मैत्रिणीचा अर्ज वेगळा लिहा, तिच्या शब्दांत. तिच्यासोबत काय झालं त्यावर तिचं कलम ठरेल.