मदत हवी आहे : सोयाबीननंतर न नांगरता हरभरा

नमस्कार मंडळी. महूजवळच्या आमच्या काळ्या रानात एक एकर प्रात्यक्षिकासाठी वेगळं काढलंय. पावसाळ्यात रुंद वरंब्यावर सोयाबीन, निचरा झकास. उन्हाळ्यात गव्हाचं काड जाळत नाही. शेण, माती, राखेचे थर देऊन इंदूर पद्धतीचं खत करतो. (ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ साली इंदुरात आले, ही पद्धत इथेच बसवली, आणि इथेच दर उन्हाळ्यात नरवाई, म्हणजे शेतात उरलेलं गव्हाचं काड, पेटते!)

अडतंय ते ऑक्टोबरात. सोयाबीन निघाल्यावर ओल उडायच्या आत हरभरा पेरायचाय. काका म्हणतात, वखर फिरवल्याशिवाय बी नीट पडणार नाही. कुणी थेट धसकटांत पेरलाय का? भेगाळलेल्या जमिनीत उगवण कशी झाली? झिरो टिल (न नांगरता पेरणारं) पेरणीयंत्र सांवेर-देपालपूरकडे भाड्याने मिळतं का?