ॲपमधला नोटिफिकेशनचा स्विच चालू, फोनमध्ये मात्र बंद

रात्रपाळी: ॲन्ड्रॉइडवर एक छोटं ॲप करतोय, कोटलिन भाषेत. सेटिंग्जच्या स्क्रीनवर नोटिफिकेशनचा स्विच आहे, दाबला की व्हॅल्यू शेअर्ड प्रेफरन्सेसमध्ये (ॲपच्या सेटिंग्ज साठवायच्या फाइलमध्ये) जाते, इथपर्यंत ठीक. पण युजर फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन नोटिफिकेशन बंद करून परत आला तरी आपला स्विच चालूच, आणि नोटिफिकेशन अर्थातच येत नाहीत, मग लोक रिव्ह्यूमध्ये शिव्या घालतात. ऑनक्रिएटमध्ये (स्क्रीन पहिल्यांदा तयार होताना चालणारं फंक्शन) परमिशन चेक करतोय तरी उपयोग नाही. कुणाला काही सुचतंय का?

अर्धविराम: चेक ऑनरिझ्यूममध्ये टाका, ते स्क्रीन दर वेळी पुन्हा समोर आली की चालतं. सेटिंग्जमधून परत येताना ॲक्टिव्हिटी (म्हणजे ॲपची ती स्क्रीन) सहसा जिवंतच असते, ऑनक्रिएट परत चालतच नाही.

जुनाट_लॅपटॉप: ते बरोबरच, पण मुळात इथे दोन गोष्टींची खिचडी झालीय. युजरला नोटिफिकेशन हवंय का ही एक, आणि सिस्टीम येऊ देतेय का ही दुसरी. प्रेफरन्समध्ये फक्त पहिली ठेवा, दुसरी साठवूच नका, दर वेळी सिस्टीमलाच विचारा आणि दोन्हीकडून होकार असेल तरच स्विच चालू दाखवा. नाहीतर ॲन्ड्रॉइडचा ऑटो बॅकअप गोत्यात आणतो बघा: ॲप काढून पुन्हा टाकलं की प्रेफरन्सची फाइल बॅकअपमधून परत येते, त्यात स्विच चालू, आणि ॲन्ड्रॉइड 13 पासून नोटिफिकेशनची जी परमिशन युजरकडे मागावी लागते ती तर अजून मागितलेलीच नाही.

अजून एक, ॲन्ड्रॉइड 8 पासून चॅनेल आहेत, म्हणजे एकाच ॲपच्या नोटिफिकेशनचे वेगवेगळे प्रकार, प्रत्येक वेगळा बंद करता येतो. युजरने नुसतं चॅनेल बंद केलं असेल तर 'आर नोटिफिकेशन्स एनेबल्ड' हा सिस्टीमला विचारायचा चेक खुशाल ट्रू देतो, त्यामुळे चॅनेलचं इम्पॉर्टन्स 'नन' (म्हणजे बंद) आहे का तेही बघायला लागतं. हे बरेच जण विसरतात.

रात्रपाळी: ऑनरिझ्यूमने काम झालं, धन्यवाद! पण आता नवीनच भानगड, परत आल्यावर कोडमधून स्विच बंद करतो तर लगेच लिसनर (स्विच बदलला की आपोआप चालणारा कोड) चालतो आणि युजरची आवड पण 'नको' म्हणून सेव्ह होते 😅

अर्धविराम: हो, सेटचेक्ड (स्विच चालू-बंद करायचं फंक्शन) कोडमधून मारलं तरी लिसनर चालतोच, बोट लागलं की कोडने केलं हे त्याला कळत नाही. आधी लिसनर नल करा म्हणजे काढून टाका, व्हॅल्यू लावा, मग लिसनर परत जोडा. आणि युजरने चालू करायला दाबलं पण परमिशन नसेल तर लगेच चालू दाखवू नका, आधी मागा. दोनदा नकार दिलेला असेल तर परमिशन मागणारा डायलॉग येतच नाही, तेव्हा सरळ ॲपच्या नोटिफिकेशन सेटिंग्जचं पान उघडून द्या.

जुनाट_लॅपटॉप: स्प्लिट स्क्रीनवरही टेस्ट करा. ॲन्ड्रॉइड 10 पासून दोन्ही बाजूंच्या ॲक्टिव्हिटी एकाच वेळी रिझ्यूम्ड (म्हणजे चालू स्थितीत) राहू शकतात, म्हणजे शेजारी सेटिंग्ज उघडून बंद केलं तर तुमचा ऑनरिझ्यूम येईलच असं नाही. त्यासाठी 'ॲप ब्लॉक स्टेट चेंज्ड' नावाचा ब्रॉडकास्ट (सिस्टीम ॲपला पाठवते तो संदेश) आहे, ॲन्ड्रॉइड 9 पासून, तो ऐका.